कॉफीचा चमचा, कुडातली कपबशी

नांदेडच्या इतवाऱ्यात जुन्या सामानाच्या दुकानी बोटाहून थोडे लांब असे सहा चमचे दिसले. "कॉफीचे आहेत साहेब, चांदीचे," दुकानदार म्हणाला. पाठीवर ई.पी.एन.एस. ही अक्षरे. म्हणजे आत तांबे, जस्त, निकेल आणि वर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी 1840 साली या कृतीचे पेटंट घेतले आणि मध्यमवर्गाच्या टेबलावरही चांदी चमकू लागली. जेवणानंतर लहान कपात काळी कॉफी, या चमच्याने साखर ढवळायची, चमचा बशीत ठेवायचा, हा साहेबी शिरस्ता. एक चमचा घेतला.

आमच्या मराठवाड्यात मात्र चहा. त्याचाही शिरस्ता होता. एस.टी. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरकडे निघाली, तेव्हा वडिलांचे बोलणे आठवले. त्यांच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आपल्या माणसांची कानतुटकी कपबशी बाहेर कुडाला खोचलेली असे. आपणच काढायची, चहा वरून ओतून घ्यायचा, विसळून परत खोचायची. पैसे मात्र सर्वांइतकेच! बाबासाहेबांच्या घटनेतील कलम 15 ने उपाहारगृहे सर्वांना खुली केली, 1955 साली अस्पृश्यता गुन्हे कायदाही आला. तरी ती कपबशी कुडातून बरीच वर्षे हलली नाही.

लातूरला गंजगोलाईत, सोळा रस्ते मिळतात तिथे, टपरीवर चहा घेतला. सगळ्यांचे ग्लास एकाच बादलीत विसळले जात होते. मी उगीच बघत उभा राहिलो.

घरी वडिलांनी चमचा उलटसुलट पाहिला, नखाने खरवडला आणि साखरेच्या डब्यात टाकला.