बॉनेटखालचे कोठार

गणपतीने वाहन म्हणून उंदीर का निवडला, हे कोडे मला लहानपणी पडत असे. ते अजूनही सुटलेले नाही. पण उंदराने वाहन म्हणून माझी मोटार का निवडली, हे मात्र मी अनुभवाने सांगू शकतो. उंदराच्या दृष्टीने इंजिन ही फार सोयीची जागा. गाडी फिरून आली की कितीतरी वेळ ऊब राहते, वर बॉनेटचे छप्पर, पावसाचा त्रास नाही, मांजराचा पंजा पोचत नाही. भाडे नाही, पागडी नाही. आणि घरमालक असा, की महिना महिना बॉनेट उघडून पाहत नाही.

तो घरमालक म्हणजे मी. साताऱ्यात निवृत्त मास्तराला मोटार कशाला हवी, असे आमच्या आळीत पुष्कळांनी विचारले होते. सौ.च्या गुडघ्यांना एस.टी.ची पायरी झेपत नाही म्हणून घेतली, असे मी सांगत असे. खरे म्हणजे मला हौस होती.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीची कुजबुज सुरू झाली, तेव्हा त्या मोटारीचा पहिला उपयोग मी साठेबाजीसाठी केला. चार खेपा केल्या. ज्वारी, तांदूळ, डाळी, पंधरा किलो साखर, दहा किलो शेंगदाणे. सौ. म्हणाली, "अहो, आपण माणसं दोन. लग्न कुणाचं काढलंय?"

तिला काय सांगणार? आमचे मूळ गाव माण तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. वडील खडी फोडायला जात, आम्ही पोरे सुकडीसाठी रांगेत उभी राहत असू, आणि घरात रेशनवरच्या तांबड्या मिलोच्या भाकरी होत. त्या वर्षी आजोबांनी बांधावरची उंदरांची बिळे उकरली होती. शेतातला उंदीर मोठा हिशेबी. कणसे कुरतडून बिळात नेऊन व्यवस्थित रचून ठेवतो, आणि चांगल्या सालात एका बिळातून काही शेर धान्य निघते. पण त्या साली पिकेच नव्हती, तर बिळात कुठून येणार? चार बिळे उकरून ओंजळभर ज्वारी निघाली. आजीने ती पाखडली आणि त्यातली एक मूठ परत बिळाच्या तोंडाशी टाकून आली. आजोबा तिच्यावर केवढे ओरडले होते! मला आजीपेक्षा आजोबांचे ओरडणेच जास्त लक्षात राहिले असावे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या आळीतला रिक्षावाला दाराशी आला. माझाच जुना विद्यार्थी. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून म्हणाला, "सर, दुकानात साखर संपलीय. दोन किलो असली तर द्या, आली की परत करतो." मी म्हणालो, "अरे, आमच्याकडेही जेमतेमच आहे." तो "बरं सर" म्हणून गेला. साखरेचे पोते मी बसलो होतो त्या पलंगाखाली होते.

पुढे पावसाळा लागला. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी दहा मिनिटे गाडी सुरू करायचा नेम होता, तो पावसाने मोडला. जुलैमधल्या एका रात्री दीडच्या सुमारास सौ.च्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. उलट्या थांबेनात. तिला कसेबसे गाडीत बसवले आणि किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरला, पण इंजिन पेटेना. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. बाहेर पाऊस कोसळत होता आणि सौ. शेजारी वाकून बसली होती. "राहू द्या हो, सकाळी बघू," असे ती म्हणाली, तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

आळीत त्या वेळी जाग येणारे एकच घर मला आठवले. मी छत्री न घेताच गेलो. तो बनियनवरच बाहेर आला, तोंडाला रुमाल बांधला, रिक्षाचे पडदे सोडले आणि सौ.ला हाताला धरून बसवले. "बाई, खड्डे चुकवत नेतो," एवढेच त्याचे बोलणे. मार्चपासून त्याचा धंदा जवळजवळ बंद होता, हे मला ठाऊक होते. इस्पितळात सौ.ला दाखल करून बाहेर आलो तर तो पायरीवर बसला होता. पैसे पुढे केले तर म्हणाला, "सर, आता राहू द्या. बाई घरी आल्या की बघू."

पित्ताशयात खडे निघाले. शस्त्रक्रिया झाली आणि सौ. आठवड्याने घरी आली.

त्यानंतर मिस्त्रीला बोलावले. त्याने बॉनेट उघडले आणि हसायलाच लागला. इंजेक्टरकडे जाणाऱ्या तीन वायरी सुरीने कापाव्यात तशा तुटल्या होत्या. उंदीर वायर भुकेपोटी खात नाही. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात. पुढून कठीण, मागून मऊ, त्यामुळे कुरतडता कुरतडता त्यांना पटाशीसारखी धार राहते. मग मिस्त्रीने एअर फिल्टरच्या डब्याच्या कड्या काढल्या आणि डबा माझ्यापुढे धरला. फिल्टरच्या कागदाचा पिंजून कापूस केला होता, त्यात सौ.च्या जुन्या स्वेटरची निळी लोकर. एका कोपऱ्यात शेंगदाणे, दुसऱ्यात हरभऱ्याची डाळ, खोबऱ्याचे तीन तुकडे, गुळाचा एक खडा आणि धुण्याच्या साबणाची वडी. "काका, दीड किलो तरी माल आहे," मिस्त्री म्हणाला. "आणि तोही निवडक."

तो माल मी ओळखला. सगळा आमच्याच घरातला होता. माझ्या पोत्यांच्या वासाने ही मंडळी आली, तिथून त्यांनी आपले पोते वेगळे भरले आणि ते माझ्याच गाडीत ठेवले. म्हणजे त्या रात्री गाडी बंद पाडली कोणी, या प्रश्नाचा शोध फार लांब जाऊन घ्यायला नको होता.

आपण एकटेच नाही, एवढे समाधान पुढच्या वर्षी मिळाले. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात फार्गो शहरी एका गृहस्थाच्या मोटारीत खारीने अक्रोड भरून ठेवले होते. मोजले तर ४२ गॅलन, म्हणजे सुमारे १६० लिटर. ही बातमी मी सौ.ला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली. ती म्हणाली, "त्या खारीनं निदान अक्रोड स्वतः गोळा केले होते."

तिने इस्पितळातून आल्या आल्या, टाके ओले असतानाच, पलंगाखालचे कोठार उपसायला काढले होते. कुणाला काय दिले ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. फक्त साखर उचलायला रिक्षावाला आला, तेव्हा मी पोत्याचे दुसरे टोक धरले. पोते दाराशी ठेवून तो म्हणाला, "सर, बरीच आहे की!" मी मान हलवली.

उंदरांवर मी उपाय पुष्कळ केले. डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पाने, तिखटाचे सत्त्व लावलेली चिकटपट्टी. रात्री बॉनेट उघडे ठेवावे, म्हणजे अंधार नसल्याने ते येत नाहीत, असे एकाने सांगितले. आठ दिवस तेही केले. आळीतली पोरे येऊन "सर, गाडीला ताप आलाय का?" म्हणून विचारू लागली, तेव्हा सोडले. गेली दोन वर्षे मात्र एकही वायर तुटलेली नाही. मी आता दर रविवारी न चुकता बॉनेट उघडतो.

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीला पहाटे आंघोळ झाल्यावर असेच उघडले. रिक्षावाल्याकडे फराळाचा डबा पोचवायचा होता, म्हणून सौ. दाराशी उभी होती. बॅटरीवर एक शंकरपाळे ठेवलेले होते. कातण्याने कापलेल्या त्या नागमोडी कडा आमच्याच घरच्या. अजून दात लागला नव्हता.

"काय आहे हो?" सौ.ने विचारले.

"काही नाही," मी म्हणालो आणि बॉनेट हळूच खाली लावले.