वही सोबत ने

धसई, ता. मुरबाड

चि. बाळ हिस,


पत्र पोचलं. डॉक्टर व्हायचं ठरवलं तर परळच्या प्रयोगशाळेतली वर्षं फुकट गेली का, असं तू विचारलंस. मुळीच नाही. जन्मभर नर्सची नोकरी केलेली तुझी आत्या हे सांगतेय. का, ते विंचवाच्या गोष्टीवरून सांगते.

आपल्याकडे भाताच्या पेंढ्यात, गोवऱ्यांच्या ढिगात, कौलांखाली विंचू असायचाच. रात्री-अपरात्री दंश झालेली माणसं आमच्याकडे यायची. ठणाणा ओरडणाऱ्याची मला फारशी काळजी वाटायची नाही. धास्ती वाटायची ती गप्प पडलेल्याची. दंशाच्या जागी विशेष दुखत नाही, पण सदरा घामानं चिंब, उलट्या, तळहात-तळपाय गार. अशा माणसाजवळून हलायचं नाही. लाल विंचवाच्या विषानं रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. डोळ्यांदेखत माणूस धापा टाकू लागतो.

यावर औषध शोधलं ते डॉ. हिंमतराव बावस्करांनी. जालना जिल्ह्यातल्या देहेडच्या गरीब घरातला हा मुलगा नागपूरला एमबीबीएस झाला आणि १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाला. तिथं कसली आली प्रयोगशाळा? ते रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले, नाडी आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा लिहीत गेले. त्या नोंदींतून विषाची चाल कळली आणि पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी हाती लागली. मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्यावर आलं. महाडसारख्या गावातलं हे काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं छापलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मला मात्र त्यांची २०११ची चाचणी जास्त मोठी वाटते. ज्या गोळीनं नाव झालं, तीच त्यांनी परीक्षेला बसवली. ७० रुग्ण घेतले. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना सोबत विंचवाच्या विषावरची प्रतिलसही. प्रतिलस मिळालेले लवकर बरे झाले आणि तसं त्यांनी छापलं. आपल्याच औषधाबद्दल असा प्रश्न विचारायची सवय तुला प्रयोगशाळेत लागलीय. ती डॉक्टर झाल्यावर सोडू नकोस.

संशोधनासाठी डॉक्टरच व्हायला हवं असंही नाही हं. मुंबईत प्लेगची लस करून १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन प्राणिशास्त्रज्ञ होते. तुला प्रयोगशाळेतच राहावंसं वाटलं असतं तर मी अडवलं नसतं. पण ज्यांच्या रक्ताचे नमुने तपासते ती माणसं कधी दिसत नाहीत, असं तू लिहिलंयस. ते वाचून मला तुझं मन कळलं.

वयाचा घोर नको. 'नीट' या प्रवेश परीक्षेला वयाची वरची अट २०२२ पासून उठली आहे, आणि बारावीला तुझं बायो होतंच. साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. तेव्हा गावाकडचं आरोग्य केंद्र मिळालं तर नाक मुरडू नकोस; वही घेऊन जा आणि रात्रपाळी मागून घे.

फॉर्म भर. दादाशी मी बोलते. लग्नाचा विषय निघेल, तोही माझ्याकडे सोपव.

तुझी,
आत्या