वाकण्यातला आनंद

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, पवित्र गुरुवारी, मालवणच्या किनारपट्टीवरच्या चर्चमध्ये वेदीपुढे बाक मांडले जातात. त्यांवर बारा जण येऊन बसतात. कोणी रापणीवर जाणारा असतो, कोणी चिऱ्याच्या खाणीवर राबलेला, कोणी निवृत्त झालेले गुरुजी. फादर अंगावरचा झगा बाजूला ठेवतात, कमरेला पंचा गुंडाळतात आणि गुडघ्यांवर येऊन एकेकाच्या पायांवर पाणी घालतात, ते पुसतात, त्यांचे चुंबन घेतात. आमच्या भागातले पाय म्हणजे कातळ तुडवलेले, खाऱ्या पाण्याने खाल्लेले, टाचांना भेगा पडलेले. वर्षभर ज्यांच्या येण्याबरोबर सगळे उठून उभे राहतात, ते फादर त्या संध्याकाळी सगळ्यांच्या खाली, जमिनीवर असतात.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला हा प्रसंग. येशूला ठाऊक आहे की उद्या मरण आहे. अशा रात्री माणूस निरवानिरवीचे बोलेल, आपल्यामागे काय राहावे ते सांगेल. येशू जेवणावरून उठतो आणि घरच्या चाकराचे काम करू लागतो. पेत्राला ते सहन होत नाही, तो पाय मागे घेतो. सगळ्यांचे पाय धुऊन झाल्यावर येशू सांगतो की मी केले तसे तुम्ही एकमेकांसाठी करा. हे कळून तसे वागलात तर धन्य व्हाल. दरवर्षी हे वाचन ऐकताना माझे मन या आश्वासनापाशी रेंगाळते. सुखाचा शब्द त्याने दिला तो पाण्याचे भांडे हातात घेऊन वाकणाऱ्याला. अध्यात्मातला आनंद उंचावर असतो, तिथवर चढून जावे लागते, असे आपण धरून चालतो. येशूने त्या रात्री वाट दाखवली ती खालच्या बाजूला जाणारी होती.

कसालहून मालवणकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे कट्टा लागते. बाजारपेठ, शाळा, एसटीचा थांबा, आणि रस्ता सोडून जरा आत शिरले की माडांच्या, आंब्या-काजूच्या सावलीतली घरे. घरे मोठी आणि माणसे थोडी. मुलगे मुंबईला, मुली सासरी. गणपतीला, नाताळाला, मे महिन्यात पडव्या माणसांनी भरतात आणि मग पुन्हा एखादे म्हातारे माणूस आणि चार बंद खोल्या एवढेच उरते. आमच्या मुलखात सेवेची गरज अशी मुकाट असते. ती दारात येऊन हात पसरत नाही. कुणाच्या तरी माजघरात, भिंतीकडे तोंड करून पडलेली असते.

माझ्या लहानपणी आमच्या शेजारची काकी अशीच अंथरुणाला खिळली होती. तिचा मुलगा मुंबईत गिरणीत होता. दर महिन्याला न चुकता मनीऑर्डर यायची, पण मनीऑर्डर काही माणसाची कूस बदलत नाही. माझी आजी पहाटेची तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणून झाली की पेजेचा एक टोप वेगळा काढायची, वर लोणच्याची फोड ठेवायची आणि कुंपणाच्या बेड्यातून पलीकडे जायची. काकीला पुसून काढायची, केसांना तेल लावून विंचरायची, मळलेली लुगडी विहिरीवर नेऊन धुवायची. काकीच्या घरात तुळस होती, आमच्या घरात खुरीस होता. दोघींनाही त्याची अडचण कधी झाली नाही. कुणीतरी आजीला एकदा म्हणाले, अगो, तुझ्या घरात काय कामे कमी आहेत? आजी म्हणाली, "माका देवान हात काय निसते जोडूकच दिल्यान?"

परत येताना ती गुणगुणत यायची. अंगाला घामाचा आणि आजाऱ्याच्या खोलीचा वास असायचा, कंबर दुखत असायची, आणि चेहऱ्यावर अशी प्रसन्नता असायची की जणू तीच कुणाकडून भरपेट जेवून आली आहे. तेव्हा मला त्याचे नवल वाटायचे. पुढे मी आमच्याच मातीतल्या काही ख्रिस्ती माणसांची चरित्रे वाचली आणि आजीची ती गुणगुण मला त्या पानांतून पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागली.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. त्यांचे वडील सोवळ्याने पछाडलेले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, आणि त्या धुण्यापायी घरातल्या बायकापोरांचे हाल. पावित्र्य म्हणजे अंतर, ही शिकवण लक्ष्मीबाईंच्या अंगात बालपणापासून मुरलेली होती. त्यांचे पती नारायण वामन टिळक मूळचे कोकणातले, करजगावचे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षांनी त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या, तरी त्यांचे पाणी वेगळे, चूल वेगळी. मग एक एक गाठ सुटत गेली. माणसामाणसांतला हा विटाळ देवाने घातलेला नाही, हे त्यांना आतून उमगले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, आणि ज्या घरात परक्याच्या सावलीचे भय होते तिथल्या या लेकीच्या संसारात दुष्काळात पोरकी झालेली मुले वाढली, जेवली, भांडली, मोठी झाली. त्यांच्या पुस्तकात दुःखाचे प्रसंग थोडेथोडके नाहीत. तरी ते वाचून मिटताना मन हलके होते. मला त्याचे कारण एकच दिसते. त्या बाईने अंतर टाकून दिले होते. सोवळ्यात राहणाऱ्याला सतत जपावे लागते, सतत भ्यावे लागते. जवळ जाणाऱ्याचे ते भय सरते आणि मोकळ्या झालेल्या जागेत आनंद येऊन राहतो.

पवित्र जीवन म्हणजे काय, याचे माझ्यापुरते उत्तर मला इथे मिळाले. येशूने महारोग्याला हात लावला तेव्हा रोगी शुद्ध झाला, येशू विटाळला नाही. ख्रिस्ती पावित्र्याची दिशा ही अशी आहे. ते स्वतःला वाचवत बसत नाही, समोरच्यापर्यंत पोचते.

आमच्या शेजारच्या गोव्यात १६५१ साली जोसेफ वाझ जन्मला. घराणे सांकवाळचे, प्रतिष्ठित. १६७६ साली तो धर्मगुरू झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने सांकवाळला एक दासपत्र लिहिले: आजपासून मी मरियामातेचा गुलाम. कागदावर लिहिलेले हे शब्द त्याने पुढे आयुष्यभर अंगाने निभावले. तेव्हाच्या लंकेत किनाऱ्यावर डचांचे राज्य होते आणि कॅथलिक धर्मगुरूंना तिथे बंदी होती. १६८७ साली वाझ मजुराच्या वेषात, अनवाणी, तिथे उतरला. आल्या आल्या हगवणीने इतका खंगला की जगण्याची आशा नव्हती. त्याच्या चरित्रांत सांगितले आहे की परक्या मुलखातल्या अनोळखी माणसांनी त्याला पेज पाजून वाचवले. सेवा करायला निघालेल्या माणसाला देवाने आधी सेवा घ्यायला लावली, हे मला फार मोलाचे वाटते. ज्याने परक्याच्या हातची पेज पिऊन जीव धरला, त्याला पुढे कुणाच्याही तोंडाशी पेज धरताना आपण उपकार करतो आहोत असे कसे वाटावे?

पुढे तो कँडीच्या राज्यात गेला. हेर समजून राजाने त्याला कैदेत टाकले. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. लोक आपल्याच घरची आजारी माणसे रानात सोडून पळू लागले. वाझ आणि त्याचा भाचा तिथेच राहिले. त्यांनी रोग्यांसाठी खोपटी उभारली, त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना भरवले, मेलेल्यांना माती दिली. रोगी कुठल्या धर्माचा, हे त्यांनी विचारले नाही. बौद्ध राजाचे मन या परक्या संन्याशाकडे वळले ते अशा कामांमुळे. वाझ १७११ साली कँडीतच वारला. मायदेशी परतला नाही. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोला त्याला संत म्हणून जाहीर केले. वेदीवर जाऊन बसायला त्याला तीन शतके लागली. देवीच्या रोग्यांजवळ बसायला मात्र त्याने एक दिवसही लावला नव्हता.

पंडिता रमाबाईंना भूक ऐकून माहीत नव्हती. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या दिवसांत, भटकंतीत, त्यांचे आईवडील गेले. म्हणूनच १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचा ‘मुक्ती’ आश्रम त्यांच्यासाठी उभा राहिला. संस्कृत पंडितांच्या सभा जिंकलेली ही विदुषी तिथे उवा झालेली डोकी, जखमा भरलेली अंगे आणि उपाशी पोटे सांभाळत होती. याच काळात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. सुमारे अठरा वर्षे ते चालले. भाषा साधी हवी, अशिक्षित बाईला कळेल अशी हवी, हा त्यांचा हट्ट. त्याचे छपाईचे खिळे जुळवले, पाने छापली, ती आश्रमातल्याच बायकांनी. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आले. ज्या बाईला जगाने रस्त्यावर टाकले होते, तिने एकेक खिळा उचलून देवाचे वचन जुळवावे, याहून मोठी प्रार्थना कुठली असेल?

आमच्याच जिल्ह्यातले वेंगुर्ले घ्या. तिथले सेंट ल्यूक्स हॉस्पिटल अमेरिकेतून आलेल्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या माणसांनी चालवले. तिथल्या मिशनरी डॉक्टर गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला. पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि भारतात अमेरिकेचा राजदूत म्हणून आला. मुलाचे नाव इतिहासात गेले. पावसाळ्याच्या काळोख्या रात्री कंदील धरून बाळंतिणीजवळ जागलेल्या परिचारिकांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. मला त्या अनाम बायकांचा हेवा वाटतो. ज्याला नाव मिळत नाही, त्याच्याजवळ आनंद निर्भेळ राहतो. त्यात कौतुकाची वाट पाहण्याची कडवट चव मिसळत नाही.

हा आनंद रोज उठून येतो असे नाही. आजाऱ्याची सेवा कंटाळवाणी असते. तोच वास, तीच कुरकुर, तीच चादर. कधी आजारी माणूस आपल्यावरच डाफरते. इथे पवित्र जीवनाचे खरे काम सुरू होते. पहाटेची प्रार्थना, रविवारचा मिस्सा, उपास, पापाची कबुली, हे सारे मनातला हिशेब पुसून टाकण्यासाठी आहे. मी किती केले, तिने किती केले, कुणी आभार मानले का, ही वही मनात उघडी राहिली की सेवा ओझे होते. ती वही रोज रात्री देवापुढे फाडावी लागते. घरच्यांशी गोड बोलणे, शेजाऱ्याच्या पाठीमागे त्याची निंदा न करणे, तराजूत हात न मारणे, रागाला सूर्य मावळण्याआधी निरोप देणे, या बारीक गोष्टींतून हात स्वच्छ राहतात. अशा हातांनी भरवलेली पेजच आजाऱ्याच्या गळ्याखाली सुखाने उतरते.

असे वाकायला ख्रिस्तीच असावे लागते असे नाही. कट्ट्यात बॅरिस्टर नाथ पै सेवांगण ही सेवाभावी संस्था आहे. तिथे राबणारी माणसे सेवा दलाच्या संस्कारातली, माणूस हाच देव मानणारी. मी ख्रिस्ताचे नाव घेऊन वाकते, ती माणसे समतेचे नाव घेऊन वाकतात. आमच्या वाडीवर खुरसापुढे लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना, झाली की उकडलेले चणे वाटतात आणि ते घ्यायला सगळ्या घरांची पोरे येतात. तसाच हा आनंद. तो देणाऱ्याने मागणाऱ्याचे नाव विचारू नये. माझ्या श्रद्धेची ओढ मात्र मी लपवत नाही. मला वाकायला शिकवले ते कमरेला पंचा बांधलेल्या त्या गुरूने, आणि मी वाकते तेव्हा तो माझ्याही आधी खाली बसलेला असतो, अशी माझी खात्री आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली पवित्र गुरुवारी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन मुलामुलींचे पाय धुतले. त्यांत मुसलमान मुलेही होती. पुढे २०१६ पासून या विधीत स्त्रियांना अधिकृत स्थान मिळाले. चर्चही हळूहळू आणखी खाली वाकायला शिकते आहे, याचे मला समाधान आहे. पण हे शिकणे वेदीपुढच्या बाकांपाशी संपायचे नाही. आज गावात म्हातारपणी एकटी पडलेली माणसे आहेत. कुणाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचे आहे, कुणाच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळायच्या आहेत, कुणाची नखे कापायची आहेत, कुणाजवळ नुसते अर्धा तास बसून त्याच्या मुंबईच्या नातवाची तीच गोष्ट पुन्हा ऐकायची आहे. यासाठी संस्था लागत नाही, देणगी लागत नाही, दीक्षाही लागत नाही.

मन उदास असले, प्रार्थना कोरडी वाटू लागली, देव फार लांब गेला असे वाटले, की आनंदाच्या शोधात डोंगरमाथे धुंडाळू नयेत. पायात चपला सरकवून बाहेर पडावे. ख्रिस्ताला भेटायला शेजारच्या घरापर्यंत जावे लागते, आणि तेवढे चालणे आपल्यापैकी प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.