ट्रिप संपलेली होती

अपघात झाला तेव्हा माझ्या मोबाईलवर ट्रिप चालू नव्हती. प्रवाशाला उतरवलं होतं, पैसे जमा झाले होते आणि परतीचं भाडं लागतंय का ते बघत, ॲप चालू ठेवून मी रिकामी गाडी घेऊन पुण्याकडे निघालो होतो. पुढे विमावाले, गाडीमालक, ॲपची कंपनी, वकील अशा ज्यांच्या ज्यांच्याशी बोलणं झालं, त्या सगळ्यांनी आधी एकच गोष्ट विचारली. त्या वेळी तुम्ही नेमकं कुणाचं काम करत होता?

मी सोलापूरचा. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत आमचं घर आहे. विडी वळणाऱ्या बायकांसाठी बांधलेल्या दहा हजार घरांपैकी हे एक, 2006 साली आईच्या नावावर मिळालेलं. शिक्षण झाल्यावर इथे धड काम मिळेना म्हणून पुण्याला गेलो आणि ओळखीतल्या एकाची गाडी ॲपवर चालवू लागलो. गाडी त्याची, आयडी माझ्या नावाचा. सीएनजी, टोल, ॲपचं कमिशन आणि मालकाचा हप्ता जाऊन जे उरेल ते माझं. सोलापूर, धाराशिव, लातूरकडची कितीतरी पोरं पुण्यात असंच करतात. लेखी काही नसतं. चावी हातात मिळाली की काम सुरू.

ऑगस्ट 2024 मध्ये रात्रीची हडपसर ते सोलापूर अशी आउटस्टेशन ट्रिप मिळाली. पहाटे होटगी रोडला प्रवाशाला उतरवलं आणि तसाच मागे फिरलो. सरडेवाडीचा टोलनाका ओलांडून इंदापूर मागे टाकलं आणि दुभाजकातल्या कटमधून एक पिकअप आडवा आला. उजव्या मांडीचं हाड मोडलं, घोट्याचा चुरा झाला. ब्रेक आणि ॲक्सिलरेटरचा पाय तो. इंदापुरात प्रथमोपचार झाले, घरच्यांनी सोलापूरला आणलं, मांडीत सळई आणि घोट्यात स्क्रू बसले.

पलंगावर असतानाच ॲपच्या मदत केंद्रात मेव्हण्याने माझ्या वतीने विम्याची चौकशी केली. उत्तर आलं की अपघाताच्या वेळी कुठलीही ट्रिप नोंदलेली नाही, त्यामुळे विमा लागू होत नाही. भाडं स्वीकारल्यापासून प्रवासी उतरेपर्यंत तेवढंच संरक्षण. दोनशे-अडीचशे किलोमीटर लांब सोडून आलेली गाडी परत कशी येते, हे त्या अटी लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2020 मध्ये आणि पुन्हा 1 जुलै 2025 रोजी ॲप कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत प्रत्येक चालकासाठी किमान 5 लाखांचा आरोग्य विमा आणि 10 लाखांचा मुदत विमा सांगितला आहे. मुदत विमा मृत्यूनंतर कुटुंबाला मिळतो. पाय गमावून जिवंत राहिलेल्याला त्याचा उपयोग नाही, आणि रस्त्यावर आमच्यातले पाय गमावणारे पुष्कळ आहेत.

मग गाडीचे कागद काढले. मालकाने विम्यात 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेलं होतं. मला क्षणभर उमेद वाटली. पण ते संरक्षण आरसीवर ज्याचं नाव आहे त्या मालक-चालकासाठी असतं. पगारी ड्रायव्हरसाठी पॉलिसीत वेगळी ओळ असते, थोडा जादा हप्ता भरून घेतलेली. दुसऱ्याची गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने चावी घेण्याआधी ती ओळ बघावी असं मी आता सगळ्यांना सांगतो. गाडीच्या रंगापेक्षा, टायरपेक्षा ती ओळ महत्त्वाची आहे. मालक भेटायला आला, वीस हजार रुपये समोर ठेवले आणि पुढे काही मागणार नाही असं लिहून द्यायला सांगितलं. त्याचीही गाडी चेपलेली, हप्ता डोक्यावर, हे मला दिसत होतं. तरी मी सही केली नाही. सही न करण्याचं बळ मला आईने दिलं.

आई कागद वाचत नाही. घरात तेलुगू बोलते, माझ्याशी सोलापुरी मराठीत. ती एवढंच म्हणाली, "आमालाबी कारखानदार हेच म्हणायचा की रे. तुमी आमच्या कामगार न्हाईत म्हणून." पान-तंबाखू कारखान्याची, वळलेली विडी कारखान्याची, खराब म्हणून बाजूला काढायचा अधिकारही त्यांचा, फक्त बाई तेवढी कुणाची नाही, कारण ती घरी बसून वळते आणि मधे कंत्राटदार आहे. 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या बाईलाही कामगार म्हटलं. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1974 साली तिथेही तो कायदा टिकला. पुढे आईला भविष्यनिर्वाह निधीही मिळाला. भाव ॲप ठरवतं, ट्रिप ॲप देतं, तारे कमी पडले की आयडी बंद ॲपच करतं, आणि मला पार्टनर म्हणतं. आईला यात काहीच नवीन वाटलं नाही.

आता वाटा कुठल्या होत्या ते सांगतो. हे सगळं मला एका दमात कळलं नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात भेटलेल्या एका वकीलबाईंनी कागदावर आकृती काढून समजावलं.

पहिली वाट मालकाविरुद्ध. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली. कामावर असताना, कामामुळे इजा झाली एवढं दाखवलं की पुरे, चूक कुणाची हा प्रश्न येत नाही. रिकामी गाडी मालकाकडे परत नेणं हेही काम आहे, असं तिथे मांडता येत होतं. पण हिशेबासाठी पगार महिना 15 हजारांपेक्षा जास्त धरत नव्हते. माझं वय तेव्हा 35. पगाराच्या साठ टक्के म्हणजे 9 हजार, त्याला या वयाचा गुणक 197.06, म्हणजे पूर्ण अपंगत्वाला 17 लाख 73 हजारांच्या आसपास. कमाईची ताकद चाळीस टक्के गेली असं धरलं तर सात लाख.

दुसरी वाट पिकअपचा मालक आणि त्याच्या विमा कंपनीविरुद्ध. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. इथे समोरच्याची चूक सिद्ध करावी लागते, पण पगाराला ती मर्यादा नाही. माझी निव्वळ कमाई महिना 18 हजार. चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या माणसाला भविष्यातल्या वाढीपोटी चाळीस टक्के धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या प्रणय सेठी निकालात ठरवून दिलं. 31 ते 35 वयासाठी गुणक 16, तो 2009 च्या सरला वर्मा निकालातला. तेच चाळीस टक्के नुकसान धरलं तर आकडा 19 लाखांच्या पुढे जातो, औषधपाणी आणि वेदना वेगळ्या. कलम 164 खाली चूक सिद्ध न करता गंभीर इजेला अडीच लाख मिळतात, पण माझ्यासारख्याचं त्यात भागणार नव्हतं. पिकअप पळून गेला असता आणि सापडलाच नसता, तर तहसील किंवा प्रांत कार्यालयात अर्ज करून हिट अँड रनच्या योजनेतून गंभीर इजेला 50 हजार मिळाले असते; 1 एप्रिल 2022 च्या आधी तर ती रक्कम साडेबारा हजार होती.

मालकाविरुद्धची आणि न्यायाधिकरणाची अशा दोन्ही वाटांवर एकाच इजेसाठी चालता येत नाही. कलम 167 सांगतं, एक निवडा. आपली चूक नाही याचा पुरावा असेल तर 166, पुराव्याची खात्री नसेल तर मालकाविरुद्धचा दावा. अपघात सर्वस्वी आपल्याच चुकीने झाला असेल तर 166 चा दरवाजा बंदच. म्हणून पंचनामा पुन्हा पुन्हा वाचला. पिकअपवाला म्हणत होता गाडी भरधाव होती. सरडेवाडीच्या टोलवर फास्टॅगमधून पैसे कापल्याची वेळ आणि 108 ला पहिला फोन गेल्याची वेळ, या दोन्हींमधलं अंतर काढलं तर वेग सरळ दिसत होता. तो हिशेब मेव्हण्याने मांडला. त्यावर आम्ही 166 निवडलं.

अपघात पुणे जिल्ह्यातला. मला वाटत होतं, तारखांना तिकडे जावं लागणार. पण अर्जदार जिथे राहतो तिथेही दावा लावता येतो, म्हणून माझा दावा सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात आहे. कुबड्या घेऊन इंदापूरकडे जाणं आणि कुंभारीहून रिक्षाने कोर्टात जाणं यातला फरक ज्याचा पाय मोडलाय त्यालाच कळेल. मुदत मात्र कडक होती: 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा लावायचा. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे आणि नोव्हेंबर 2025 मध्ये केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेशही झाला आहे. तरीही थांबू नये. घरी आल्यावर एक एजंट दारात आला होता, कोऱ्या वकीलपत्रावर सही मागत होता, मिळेल त्यात टक्के घेणार म्हणाला. मुदत संपत आली की असल्या माणसांचं फावतं.

पिकअपच्या विमा कंपनीने पहिली हरकत घेतली ती लायसन्सची. पिकअपच्या ड्रायव्हरकडे हलक्या वाहनाचं लायसन्स आहे, मालवाहतुकीची नोंद नाही, म्हणून आमची जबाबदारी नाही. ही हरकत देशभर असंख्य दाव्यांत घेतली जायची. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं की साडेसात हजार किलोच्या आतल्या व्यावसायिक वाहनाला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. तो निकाल माझ्यासाठी वेळेवर आला. आपल्याकडे बॅज नाही म्हणून आपल्याला काहीच मिळणार नाही असं समजून गप्प बसलेले ड्रायव्हर मला माहीत आहेत. त्यांनी हा निकाल वकिलांना दाखवावा.

दुसरी हरकत कमाईची, आणि इथे मी सर्वांत जास्त झगडलो. पगारपत्रक नाही, नेमणूकपत्र नाही. कमाईचा सगळा हिशेब ॲपमध्ये, आणि बरेच दिवस गाडी न चालल्याने आयडी बंद झालेला. स्वतःच्या घामाचा हिशेब बघायला मला परवानगी नव्हती. शेवटी बँकेचं पासबुक, सीएनजीच्या पावत्या आणि मोबाईलवर आलेले साप्ताहिक हिशेबाचे संदेश यांवर काम भागवलं. दर आठवड्याचं स्टेटमेंट उतरवून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवर ठेवावं, एवढं प्रत्येक ड्रायव्हरने केलं पाहिजे.

लोकअदालतीत विमा कंपनीने तडजोडीची रक्कम सांगितली. मेडिकल बोर्डाने माझं अपंगत्व 35 टक्के लिहिलंय, त्यांनी तेवढंच, तेही निव्वळ पायाचं म्हणून आणखी कमी धरलं. मी नाही म्हणालो. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हात गमावलेल्या ड्रायव्हरचं आणि कारकुनाचं उदाहरण दिलं आहे: इजा तीच, पण कारकुनाची नोकरी टिकू शकते, ड्रायव्हरची कमाई जवळजवळ सगळीच जाते. माझा घोटा आता पूर्ण वाकत नाही. खुर्चीत बसून काम करणाऱ्याला तो नडणार नाही. मला ब्रेक दाबता येत नाही.

ॲपविरुद्ध काय, असं मला सगळे विचारतात. 21 नोव्हेंबर 2025 रोजी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. पहिल्यांदाच केंद्राच्या कायद्यात आमचं नाव आलं, आणि सातव्या परिशिष्टात भाड्याच्या प्रवासाच्या ॲपचा उल्लेख आहे. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत द्यायचे, त्यातून अपघात विमा, आरोग्य वगैरे योजना. हे चांगलं आहे, मी ई-श्रमवर नोंदणी केली. पण त्याच संहितेची व्याख्या आम्हाला मालक-कामगार नात्याच्या बाहेरचे म्हणते. 1966 च्या कायद्याने आईला आत घेतलं होतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 19 फेब्रुवारी 2021 रोजी उबरच्या चालकांना वर्कर ठरवलं, आणि आपल्या हद्दीत ॲप चालू ठेवून भाडं घ्यायला तयार असलेला वेळही कामाचा वेळ धरला. मी वाचलं तेव्हा इंदापूरच्या पुढची ती सकाळ आठवली. ॲप चालू होतं, मी भाडं घ्यायला तयार होतो. विडीच्या पानासाठी दारात थांबलेल्या बाईला जो कायदा लागू झाला, तो भाड्यासाठी थांबलेल्या ड्रायव्हरला लागू व्हायलाच पाहिजे, निधीपुरता नव्हे, हक्क म्हणून.

सध्या मी विजापूर रोडवर एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात बुकिंग घेतो. दावा पुराव्यावर आहे. नुसतं अपंगत्वाचं प्रमाणपत्र दाखल करून भागत नाही, डॉक्टरांनी येऊन साक्ष द्यावी लागते, उलटतपास होतो. पुढची तारीख त्यासाठीच आहे. निकाल लागल्यावर कोणी अपील केलं तर ते नव्वद दिवसांत करायचं असतं. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागली असती. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सोलापूर जिल्हा त्यात येतो. वकीलबाईंना मी सांगून ठेवलंय, तिथपर्यंत जावं लागलं तर जायचं.