आमच्या पोरीनं जर्मन का शिकू नये?

पुण्यातल्या आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही काही कार्यकर्ते संध्याकाळी अभ्यासिका चालवतो. गेल्या जूनमध्ये आठवीत गेलेली एक मुलगी आली आणि म्हणाली, "दादा, शाळेत हिंदी, संस्कृत, जर्मन यातलं एक निवडायचंय. मी जर्मन घेऊ का?" आम्ही पटकन बोलून गेलो, "आधी इंग्रजी सुधार, मग बघू जर्मनचं."

दोन दिवसांनी ती पुन्हा आली. शाळेतल्या बाईंनी तिला सांगितलं होतं, "घरी कोण शिकवणार तुला? हिंदी घे, तेवढं झेपेल." आम्ही संतापलो. दुसऱ्या दिवशी शाळेत जाब विचारायला जायचं ठरलं. तेवढ्यात आमच्यातलाच एकजण म्हणाला, "आपण तरी तिला वेगळं काय सांगितलं?" त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

त्या मुलीची आई शेजारच्या सोसायटीत चार घरची धुणीभांडी करते. त्यातल्या एका घरातला मुलगा हिच्याच वयाचा. पाहुणे आले की तो जर्मन कविता म्हणून दाखवतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. त्याचं मराठी नीट आहे का, इंग्रजी पक्कं आहे का, असं त्याला कुणी विचारत नाही. भाषा तीच, वय तेच. तिकडे कौतुक आणि इकडे झेपण्याची काळजी. ही काळजी भाषेची नाही मित्रांनो, मूल कुणाचं आहे हे बघून ती ठरते.

हे आजचं नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही, म्हणून त्यांनी फारसी घेतली आणि १९०७ साली मॅट्रिक झाले. पुढे त्याच माणसानं बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी जर्मन भाषेतून अर्ज केला. नंतर पाली शिकून पालीचा शब्दकोश रचला. त्यांच्याही आधी सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकायला सांगितलं. भाषेचं दार बंद असणं म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत होतं. जयंतीच्या भाषणात आम्ही हे सगळं सांगतो. घरच्या पोरीनं विचारलं तेव्हा मात्र विसरलो!

काहीजण म्हणतील, परकीय भाषांच्या नादात मायमराठी मरेल. आमच्या आयांच्या मराठीला आजवर 'अशुद्ध' कोण म्हणत आलं? तिचा कळवळा आमच्या मुलांनी पुढे पाऊल टाकलं की मगच का येतो? आणि मराठी आड येत नाही, उलट कामाला येते. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला डेर, डी, दास यातलं एक लागतं. इंग्रजीतून शिकणारा इथे गोंधळतो. आमची पोरगी पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "दादा, हे तर आपलं तो, ती, ते!" प्रत्येक शब्दाचं लिंग जुळत नाही, ते पाठच करावं लागतं. जर्मनमध्ये 'मुलगी' हा शब्द नपुंसकलिंगी आहे, हे कळल्यावर ती खूप हसली. मग म्हणाली, "आई मला 'पोरगं माझं' म्हणते ना, तसंच."

होय, तिनं जर्मनच घेतलं. तिची आई आमच्याबरोबर शाळेत आली आणि फॉर्मवर तिनंच सही केली. जुनी पुस्तकं आम्ही जमवली. शिकवायला आमच्यापैकी कुणालाच येत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा आम्हीही तिच्याबरोबर धडा वाचतो.

पण एका मुलीनं प्रश्न सुटत नाही. खासगी क्लासची फी आमच्या घरांना परवडत नाही. म्हणून समाजकल्याणच्या प्रत्येक वसतिगृहात आणि पालिकेच्या शाळांत परकीय भाषेचे मोफत वर्ग हवेत, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. आणि तोवर आपल्या अभ्यासिकेत कुणी मूल नवी भाषा मागायला आलं, तर "झेपेल का?" हा प्रश्न निदान आपल्या तोंडून येऊ नये.

जय भीम!