आठवणींची वांटणी

प्रवासाची हकीकत ज्याला सांगावयाची असेल, त्यानें शक्यतों एकट्यानें प्रवास करावा. सोबत पत्नी असली कीं त्या हकीकतीला जन्मभराचा एक साक्षीदार लाभतो, आणि तो बहुधा विरुद्ध पक्षाचा असतो. मीं समुद्राला निळा म्हणावें, तर तिनें हिरवा. मीं सकाळची म्हणून सांगितलेली गोष्ट तिच्या मतें संध्याकाळीं घडलेली असावयाची. एकाच प्रवासाच्या अशा दोन हकीकती पुष्कळ घरांतून सुखानें नांदतात, आणि पाहुण्यांपुढें त्यांचा सामना लागला म्हणजे पाहुण्यांची करमणूकहि चांगली होते.

आमच्या घरीं हा मान मालवणाला आहे. कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ सालीं खुला झाला. त्याच्या पुढच्याच वर्षीं, जानेवारींत, लग्नाला जेमतेम दोन महिने झाले असतां आम्ही दोघें कुडाळला उतरून मालवणला गेलों. मी पुण्याचा, ती नागपूरची. समुद्र दोघांनींहि पूर्वीं पाहिलेला होता. पण समुद्राकाठीं मुक्काम करून जेवण्याची वेळ पहिलीच. चार दिवसांत आम्हीं पाहिलें थोडें आणि खाल्लें फार.

निघण्यापूर्वीं मीं सिंधुदुर्गाचा इतिहास वाचून ठेवला होता. १६६४ च्या नोव्हेंबरांत शिवाजीमहाराजांनीं कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला. आंत शिवराजेश्वराचें मंदिर आहे. महाराजांच्या हातापायांचे ठसे चुन्यांत जपून ठेवलेले आहेत, हें सारें मीं होडींतच पत्नीला ऐकविलें. तिनें तें निमूटपणें ऐकून घेतलें. परंतु दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव हीं विहिरींचीं नांवें कानांवर पडतांच तिचा चेहरा खुलला. चोहों बाजूंनीं खारा समुद्र, मध्यें गोड्या पाण्याच्या विहिरी, आणि त्यांना नांवें दिलीं तीं स्वयंपाकघरांतलीं! "ज्यानें हीं नांवें ठेवलीं त्याला घरची फार आठवण येत असली पाहिजे," ती म्हणाली. मीं वाचलेल्या पुस्तकांत हें कोठेंच नव्हतें.

जेवणाची सोय गांवांतल्या एका काकींच्या घरीं होती. सकाळीं तव्यावरून उतरलेलीं जाळीदार घावनें आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, दुपारीं उकड्या तांदळाचा भात, मासे आणि सोलकढी, रात्रीं कोंबडी-वडे. एकदां मधल्या वेळीं शिरवाळेहि झाले. तांदळाच्या उकडीच्या त्या पांढऱ्याशुभ्र शेवया, गूळ घातलेल्या नारळाच्या रसांत बुडविलेल्या! "आणखी एक वडो घेवा," असें म्हणत काकी वाढीत राहत आणि आमचा नकार त्यांना कधींच ऐकूं येत नसे.

खरें सांगावयाचें तर त्या वेळीं आम्ही एकमेकांना फारसे ओळखत नव्हतों. दोन महिन्यांच्या संसारांतला बराचसा भाग पाहुण्यांच्या वर्दळींत गेलेला. एकांत मिळाला तरी बोलावें काय, हा प्रश्न दोघांनाहि पडे. पण ताट समोर आलें कीं विषय आपोआप निघे. तिला तिखट किती चालतें, मला आंबट किती आवडतें, गोड आधीं खावें कीं शेवटीं, अशा क्षुल्लक चौकशींतून आमची ओळख वाढली. प्रेमाचा उदय चांदण्यांत होतो असें कवि खुशाल म्हणोत. आमचा पानावर झाला. चांदणेंहि होतें, नाहीं असें नाहीं. तारकर्लीच्या वाळूंतून आम्ही रात्रीं हिंडलों; पण हातांत मालवणी खाजाची पुडी होती, आणि आल्यागुळाच्या त्या कांड्यांसाठीं पुडींत गेलेले दोन हात तेथेंच प्रथम निःसंकोचपणें भेटले.

तिसऱ्या दिवशीं बांगड्याचें तिखलें होतें. त्यांत तिरफळें घालतात. तीं किंचित् ठेंचून वासापुरतीं सोडावयाचीं असतात, चावावयाचीं नसतात. नागपूरच्या मुलीला हें काय ठाऊक? तिनें एक सरळ दाढेखालीं घेतलें. क्षणभरांत जिभेवर आणि ओठांवर मुंग्यांची रांग लागली. "अहो, मला कांहींतरी होतंय!" म्हणून ती घाबरली; काकी हंसत हंसत सोलकढीची वाटी घेऊन आल्या. येथपर्यंत आमचें एकमत आहे. यानंतर बांगड्याचे कांटे काढून दुसऱ्याच्या पानांत घांस कोणी ठेवला, याविषयीं मात्र तीव्र मतभेद आहे. तो मीं ठेवला असें मी म्हणतों; तिनें ठेवला असें ती म्हणते.

बावीस वर्षें हा खटला आनंदानें चालला. मग २०२१ च्या उन्हाळ्यांत माझी पत्नी करोनाच्या तापांतून उठली, पण तिला वास येईनासा झाला. ज्याला आपण चव म्हणतों तिचा मोठा भाग नाकाचा असतो; आंबट, गोड, खारट, कडू अशी ठोकळ वांटणी तेवढी जीभ करते. फोडणी जळलेली तिला कळेना. आंबा नुसता गोड लागे, आंब्यासारखा लागेना. ती जेवी, पण औषध घ्यावें तशी. एके रात्रीं तिनें अचानक विचारलें, "अहो, त्या शिरवाळ्यांच्या रसाला वास कसला होता हो?"

"वेलदोड्याचा," मी म्हणालों.

"आणि?"

"गुळाचा."

"आणि?"

मला कांहीं सुचेना. बऱ्याच वेळानें आठवलें, "चुलीच्या धुराचा." तिनें डोळे मिटले आणि मान हलविली. त्या दिवसापासून जेवतांना मालवण सांगण्याचें काम माझ्याकडे आलें. चुकलें तर ती सुधारी.

पुढें मीं वाळलेलीं तिरफळें मिळविलीं आणि माझ्या कुवतीप्रमाणें तिखलें केलें. वास तिला आला नाहींच. तेव्हां तिनें एक तिरफळ उचलून मुद्दाम दाढेखालीं धरलें. तिरफळाची झिणझिणी ही वासाची गोष्ट नव्हे आणि चवीचीहि नव्हे. ती स्पर्शाच्या जातीची आहे. ती वाट मोकळी राहिली होती. "मुंग्या आल्या!" ती ओरडली, आणि हंसतां हंसतां तिच्या डोळ्यांना पाणी आलें. वास पुढें वर्षभरांत हळूहळू परतला, पण सगळा नाहीं. मोगऱ्याची ओळख तिला अजून पटत नाहीं.

त्या वर्षानें मला एक गोष्ट शिकविली. ज्या आठवणीविषयीं नवराबायकोंचें एकमत असतें, ती दोघेंहि गुंडाळून ठेवतात. पुन्हां उघडण्याचें कारणच पडत नाहीं. आमचें मालवण इतकीं वर्षें ताजें राहिलें तें भांडणामुळें. दर खेपेस दोघांनाहि आपापला पुरावा उकरून काढावा लागे. तिच्याकडला पुरावा हरवला तेव्हां तिच्याच उलटतपासणींत घोटून घोटून माझ्यापाशीं जमलेला तेवढा उपयोगीं पडला. म्हणून बांगड्याचे कांटे कोणी काढले, या प्रश्नाचा निकाल लावण्याची मला मुळींच घाई नाहीं. आणि तो घांस मींच ठेवला होता, हें माझें म्हणणें मी सोडणारहि नाहीं.