काथ्या आणि बीम

जोहे म्हणजे गणपतीचं गाव. इथल्या मुलांना साचा, प्लॅस्टर, काथ्या शिकवावा लागत नाही.

परवा चौथीच्या वर्गात प्लॅस्टरच्या दोन पट्ट्या केल्या. एकीच्या तळाला काथ्या पसरला, दुसरी नुसतीच. दोन विटांवर आडव्या ठेवून मधोमध वजन वाढवत गेलो. नुसती पट्टी कटकन मोडली. काथ्याची तडकली, पण धरून राहिली.

"तडा कुठून गेला?"

"खालून, सर!"

वाकताना वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. काँक्रीट दाब सोसतं, ताण नाही. म्हणून बीममध्ये मुख्य सळ्या मधल्या भागात खालच्या बाजूला असतात. जुन्या बीमला खालून पोलादी पट्टी किंवा कार्बन तंतूंचं कापड चिकटवून बळ देता येतं.

एका मुलीने विचारलं, "सर, आतला काथ्याच कुजला तर?"

मी गप्प झालो. माझ्याच घरच्या बीमला खालून तडा होता. खाऱ्या हवेने सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट सुटू लागतं. मी मात्र दिवाळीत लांबी भरून वर रंग मारला होता. गंज आधी काढल्याशिवाय पट्टी चिकटवूनही उपयोग नसतो.

त्याच संध्याकाळी इंजिनिअरला बोलावलं.

पालकहो, आज घरातले बीम एकदा खालून बघा. सोबत मुलांनाही घ्या.